एमएमओ खेळांमधली चढाओढ आणि त्यांच्या रचनेतले निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गेली कित्येक वर्षं माझ्याकडे येत आहेत. काही आजच पहिलं कॅरेक्टर बनवणाऱ्यांचे आहेत, तर काही वीस वर्षं खेळून झालेल्यांचे. मी स्वतः बराच काळ एक गिल्ड (एकत्र खेळणाऱ्यांचा कायमचा गट) चालवली, त्यामुळे काही ठिकाणी माझं मत स्पष्ट दिसेल. ते लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे पुन्हा येत असेल, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एमएमओआरपीजी म्हणजे नक्की काय? मित्रांबरोबर ऑनलाइन खेळतो ते सगळंच यात येतं का?

नाही. हे नाव ‘मॅसिव्हली मल्टिप्लेअर ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम’चं लघुरूप, थोडक्यात एमएमओ. चार-पाच जणांनी मिळून एक सामना खेळला, निकाल लागला आणि सगळे पांगले, तर तो एमएमओ नव्हे. इथे जग तुमच्या येण्याआधीपासून चालू असतं आणि तुम्ही लॉगआउट केल्यावरही चालूच राहतं. तुमचं कॅरेक्टर आज जिथे थांबलं तिथूनच उद्या पुढे निघतं. आणि त्या जगात तुमच्यासोबत अशी शेकडो-हजारो माणसं वावरत असतात, ज्यांना तुम्ही बोलावलेलं नाही. ही न बोलावलेली माणसं बहुतेक जण व्याख्येतून वगळतात. खाली आलेल्या निम्म्या प्रश्नांचं मूळ मात्र तीच आहेत.

२. याची सुरुवात कधी झाली?

इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉने ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळं जग वाक्यांत उभं केलेलं होतं. चित्रांसकट आलेली लाट १९९६ पासूनची: मेरिडियन ५९, कोरियातला द किंगडम ऑफ द विंड्स, १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन, १९९८ मध्ये लिनिएज, १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट, २००१ मध्ये रूनस्केप आणि डार्क एज ऑफ कॅमलॉट, २००३ मध्ये ईव्ह ऑनलाइन. आज ज्यांवर वाद चालतात ते जवळजवळ सगळे प्रश्न या सात-आठ वर्षांतच उभे राहिले होते.

३. हे खेळ एकमेकांशी नक्की कशासाठी स्पर्धा करतात? मी दोन-तीन खेळ एकत्र खेळू शकत नाही का?

खेळू शकता, पण फार दिवस नाही. पैशांपेक्षा मोठी चढाओढ तुमच्या संध्याकाळसाठी आहे. एकट्याने खेळायचा खेळ तीस-चाळीस तासांत संपतो आणि पुढच्यासाठी जागा मोकळी होते. एमएमओ संपत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी रेड (मोठ्या गटाने मिळून करायची कठीण लढाई) ठरलेली असेल, तर त्या दोन रात्री दुसऱ्या कुठल्याही खेळाला मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट, इथे खेळाडू सुटा नसतो. तुमची गिल्ड, उसनं सामान देणारा मित्र, तुमच्या हीलिंगवर (साथीदारांना बरं करण्यावर) भरवसा ठेवणारी पाच माणसं, हे सगळं गुंतलेलं असतं. नवा खेळ कितीही देखणा असला तरी तो तुम्हाला एकट्यालाच बोलावतो. तुम्हाला हलवायचं तर त्याला अख्खी गिल्ड हलवावी लागते. म्हणून या क्षेत्रात ‘थोडा अधिक चांगला’ असण्याला फारशी किंमत नाही. प्रश्न ५ चं उत्तर याच धाग्यावर आहे.

४. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट इतका पुढे कसा गेला?

नोव्हेंबर २००४ मध्ये एव्हरक्वेस्ट २ आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट साधारण पंधरा दिवसांच्या अंतराने बाजारात आले. एक त्या काळच्या मोठ्या नावाचा वारस होता आणि दुसरा या प्रकारात नवखा. दोघांतला फरक समजून घ्यायचा तर खेळात मेल्यावर काय होतं ते पाहा.

पहिल्या एव्हरक्वेस्टमध्ये मेलात की कमावलेला अनुभव कमी व्हायचा, आणि अंगावरचं सामान प्रेताजवळच पडून राहायचं. ते परत आणायला त्याच धोक्याच्या जागी उघड्या अंगाने जावं लागे. एव्हरक्वेस्ट २ मध्ये सुरुवातीला एकाच्या मरणाचा भुर्दंड सगळ्या गटावर पडायचा. वॉरक्राफ्टमध्ये तुम्ही भूत होऊन पळत प्रेताजवळ जाता, उठता, दुरुस्तीचे चार पैसे मोजता आणि खेळ पुढे चालू. एकट्याने शेवटच्या लेव्हलपर्यंत पोचता येतं, आणि पुढे काय करायचं ते डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह घेऊन उभी असलेली पात्रं सांगतात. शिवाय तो जुन्या, हलक्या संगणकांवरही चालायचा. याचं महत्त्व आज सहज विसरलं जातं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो विश्रांतीच्या अनुभवाचा किस्सा. चाचणीच्या काळात जास्त वेळ खेळलं की मिळणारा अनुभव निम्मा व्हायचा, आणि खेळाडू चिडले. तेव्हा आकडे तेच ठेवून नावं बदलली गेली. आधीच्या ‘पूर्ण’ला ‘विश्रांती घेतल्याचा दुप्पट बोनस’ म्हटलं आणि ‘निम्म्या’ला ‘नेहमीचा’. तक्रार संपली. ऑक्टोबर २०१० मध्ये या खेळाचे सदस्य १ कोटी २० लाखांवर गेले. त्यामागे असे शेकडो बारीक निर्णय आहेत.

५. मग त्याच वाटेने गेलेले खेळ का आपटले?

कारण त्यांनी वॉरक्राफ्टशी तुलना ओढवून घेतली, तीही त्याच्या तेव्हाच्या भरलेल्या रूपाशी. वॉरक्राफ्ट निघाला तेव्हा त्याच्यासमोर कोणाची दहा वर्षांची जमवलेली मालमत्ता नव्हती. २००८ मध्ये वॉरहॅमर ऑनलाइन आला, २०११ मध्ये रिफ्ट आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक. या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी चार ते सात वर्षं साठवलेल्या डन्जनांशी (छोट्या गटाने लढायच्या बंदिस्त जागांशी), रेडशी आणि मैत्रीशी सामना करायचा होता. लोक आले, महिना-दोन महिन्यांत सगळं पाहून झालं, आणि जुन्या गिल्डकडे परत गेले.

द ओल्ड रिपब्लिक वर्षभरात फ्री-टू-प्ले (खेळायला फुकट) झाला. संपला मात्र नाही, कारण त्याच्याकडे स्वतःची अशी एक गोष्ट होती: कॅरेक्टरच्या प्रत्येक वर्गाची (योद्धा, जादूगार अशा प्रकाराची) वेगळी, पूर्णपणे आवाजात बोलली जाणारी कथा. वॉरहॅमर २०१३ मध्ये बंद पडला. वाइल्डस्टार जून २०१४ मध्ये चाळीस जणांच्या कठीण रेड घेऊन आला. जुन्या, खडतर दिवसांची आस असलेल्यांना तो बोलावत होता, पण असे लोक एका खेळाला पोसण्याइतके उरले नव्हते. तो नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झाला. त्यातली घरं सजवण्याची सोय मात्र मी पाहिलेल्यांपैकी सर्वांत सुंदर होती, आणि तिची आठवण अजून येते.

६. सबस्क्रिप्शन, फ्री-टू-प्ले आणि एकदाच खरेदी, यांत खेळाडूच्या दृष्टीने काय फरक पडतो?

पैसे कुठून येतात ते कळलं की खेळात काय त्रासदायक असेल तेही बरंचसं कळतं.

सबस्क्रिप्शनवाल्या (दर महिन्याच्या वर्गणीच्या) खेळाला तुम्ही पुढच्या महिन्यातही हवे असता. म्हणून बक्षिसं आठवड्यातून एकदाच मिळतात आणि कामं रोजची असतात. फ्री-टू-प्ले खेळाला तुमची अडचण विकायची असते. पिशवीतली जागा कमी, प्रवास लांब, आणि दोन्हींवर दुकानात औषध. एकदाच विकत घ्यायच्या खेळाला तुम्ही पुढचा विस्तार (खेळात भर घालणारा नवा भाग) विकत घ्यायला हवे असता, त्यामुळे मधल्या काळात तुम्ही निघून गेलात तरी त्याला फारसं वाईट वाटत नाही. २००५ मध्ये गिल्ड वॉर्सने हा तिसरा मार्ग धरला, आणि प्रश्न १३ मध्ये सांगितलेली रचना त्यातूनच पुढे आली.

सीमारेषा आता पुसट आहेत. २००९ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन आणि २०१० मध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन फुकट झाले आणि वाट मोकळी झाली. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन एप्रिल २०१४ मध्ये सक्तीच्या वर्गणीसह आला आणि मार्च २०१५ मध्ये ती सोडून दिली. वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी १४ अजून वर्गणीवर उभे आहेत.

७. दुकानातून काय घेतलं की ते ‘पे टू विन’ (पैसे देऊन जिंकणं) होतं?

माझी कसोटी एकच आहे. तुमच्या खरेदीमुळे दुसऱ्या खेळाडूची मेहनत कमी किमतीची होते का? टोपी, घोड्याचा रंग, घराचा गालिचा यांनी होत नाही. हत्यार बळकट करणाऱ्या दगडांनी होते.

मधला प्रदेश टोकन्सचा आहे. ईव्हमधलं प्लेक्स आणि २०१५ पासूनचं वॉरक्राफ्ट टोकन याच जातीचे. एक खेळाडू खरे पैसे देऊन टोकन घेतो, खेळातल्या नाण्यांना विकतो, आणि घेणारा त्यातून आपली वर्गणी भागवतो. नवी नाणी जन्माला येत नाहीत, ती फक्त हात बदलतात. चोरट्या सोने-विक्रेत्यांपेक्षा ही व्यवस्था मला बरी वाटते. पण जिथे रेडमधल्या वस्तूंचा नाण्यांत लिलाव होतो, तिथे टोकन म्हणजे सरळ शर्यत विकत घेणं आहे, हे मान्य करावं लागतं.

लूट बॉक्सचं तसं नाही. तिथे काय मिळणार हे माहीत नसताना पैसे टाकायचे असतात. मेपलस्टोरी या खेळातल्या क्यूब नावाच्या, नशिबावर चालणाऱ्या वस्तूंमधून काय मिळेल याच्या शक्यता खेळाडूंच्या तोट्याच्या दिशेने बदलल्या आणि ते नीट कळवलं नाही, म्हणून दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये तो खेळ चालवणाऱ्या नेक्सॉनला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. मार्च २०२४ पासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. २०२२ मध्ये लॉस्ट आर्क पश्चिमेकडे आला तेव्हा बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो मुळात काढलाच नाही.

८. टँक, हीलर आणि डीपीएस ही त्रयी सगळीकडे का? दुसरं काही सुचत नाही का?

सुचतं, पण टिकत नाही. त्रयीमुळे अनोळखी माणसाला दोन सेकंदांत कळतं की आपलं काम काय. एक जण मार खातो (टँक), एक जण त्याला जिवंत ठेवतो (हीलर), बाकीचे मारतात (डीपीएस). बोलणं न होताही पाच परके लोक एकत्र लढू शकतात.

गिल्ड वॉर्स २ ने २०१२ मध्ये हे मोडायचं ठरवलं: खास हीलर नाही, प्रत्येकाने स्वतःला सांभाळावं. मोकळ्या जगात ते झकास जमलं, पण डन्जनमध्ये सगळे फक्त जास्तीत जास्त मारा करायला लागले. २०१५ मध्ये रेड आल्या तेव्हा मार अंगावर घेणारा आणि बरं करणारा, दोघेही मागच्या दाराने परत आले. यातला तोटा नेहमीचाच आहे. टँक आणि हीलर होणं जबाबदारीचं असतं, म्हणून ते कमी पडतात आणि बाकीचे रांगेत ताटकळतात.

९. लढाई इतकी ठरावीक तालात का चालते? कळ दाबल्यावर लगेच का होत नाही?

कारण खरा खेळ तुमच्या संगणकावर नसून सर्व्हरवर चालतो, आणि तुमची कळ तिथे पोचायला वेळ लागतो. लांबच्या खेळाडूला फार तोटा होऊ नये म्हणून ताल मुद्दाम संथ ठेवतात. रूनस्केपचं जग ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतं. फायनल फँटसी १४ मध्ये दोन मुख्य घावांत मुळात २.५ सेकंदांचं अंतर असतं, वॉरक्राफ्टमध्ये दीड. सवय झाली की या तालातही एक गोडी आहे.

१०. ‘थीम पार्क’ आणि ‘सँडबॉक्स’ म्हणजे काय? कोणता प्रकार चांगला?

थीम पार्कमध्ये पाळणे आधीच उभारलेले असतात आणि तुम्ही रांगेने त्यांत बसता. वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी १४ त्यातले. सँडबॉक्समध्ये वाळू आणि फावडी मिळतात, किल्ला तुम्हीच बांधायचा आणि तुम्हीच एकमेकांचा पाडायचा. ईव्ह आणि अल्बियन ऑनलाइन त्यातले.

सँडबॉक्सबद्दल मला ओढ आहे, म्हणूनच त्याची मर्यादा आधी सांगते. अल्टिमा ऑनलाइनसाठी निसर्गाचं चक्र आखलं होतं: गवत, ते खाणारे प्राणी, त्यांना खाणारे शिकारी, आणि भूक लागल्यावर गावाकडे सरकणारे हिंस्र जीव. प्रत्यक्षात खेळाडू आले आणि दिसेल ते मारत सुटले. चक्र फिरायला सुरुवात होण्याआधीच प्राणी संपले, आणि ती सगळी व्यवस्था काढून टाकावी लागली. माणसांच्या हातात वाळू दिली की ती काय करतील हे आधी सांगता येत नाही. ईव्हच्या मोठ्या युद्धांमागेही हेच कारण आहे (प्रश्न १२).

११. खुल्या जगात कोणीही कोणालाही मारू शकेल, असा खेळ आता मोठे स्टुडिओ का काढत नाहीत?

कारण लांडगे यायला मेंढ्या लागतात, आणि मेंढ्या वर्गणी भरून मार खायला थांबत नाहीत. अल्टिमा ऑनलाइनमध्ये शहराबाहेर पाऊल टाकलं की खुनी टोळ्या वाट पाहत असत. २००० मध्ये त्या जगाची दुसरी प्रत काढली गेली. मूळ प्रत फेलुका धोक्याची राहिली आणि नव्या ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय मारामारी बंद. बहुसंख्य लोक ट्रॅमेलला गेले आणि फेलुका ओस पडली. जुने खेळाडू आजही या निर्णयावर भांडतात. मला दोन्ही बाजू पटतात: ट्रॅमेलने खेळ वाचवला, आणि रात्री एकत्र प्रवास करण्याचं कारणही काढून घेतलं.

ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्डची आखणीही आधी खुल्या मारामारीसाठी होती. चाचण्यांत नवख्यांचा छळ होतो हे दिसल्यावर ती ऐच्छिक केली गेली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये खेळ आला तेव्हा स्टीम या खेळविक्रीच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी ९ लाखांहून अधिक लोक होते. घाईने बदललेल्या रचनेत शेवटच्या लेव्हलनंतर करण्यासारखं पुरेसं नव्हतं, आणि ती गर्दी लवकर ओसरली.

जिथे खुली मारामारी टिकली, तिथे धोका नकाशावर रंगवलेला असतो. ईव्हमध्ये अंतराळाला सुरक्षिततेचे आकडे आहेत, अल्बियनमध्ये निळे, पिवळे, लाल आणि काळे प्रदेश. जास्त धोका, जास्त कमाई. मरायचं कुठे ते तुम्हीच निवडता.

पक्षांच्या युद्धाचे खेळ हा वेगळा प्रकार. त्यात एक छोटा पण मोलाचा धडा डार्क एज ऑफ कॅमलॉटने दिला: पक्ष तीन ठेवा. दोनच असले की एक जड होतो आणि दुसरा खेळ सोडतो. तीन असले की दोन दुबळे मिळून जडाला खाली ओढतात. गमतीची गोष्ट म्हणजे वॉरहॅमर त्याच स्टुडिओने काढला आणि त्यात पक्ष दोनच ठेवले.

१२. सगळे खेळाडू एकाच जगात का ठेवत नाहीत? इतके सर्व्हर कशाला?

एका जागी हजार माणसं जमली की प्रत्येकाची हालचाल उरलेल्या सगळ्यांना कळवावी लागते, आणि ते काम माणसांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत (माणसं दुप्पट तर काम चौपट) वाढतं. म्हणून बहुतेक खेळ जगाच्या प्रती काढतात. २००१ च्या अनार्की ऑनलाइनने आणखी पुढे जाऊन प्रत्येक गटासाठी जागेची वेगळी प्रत उघडायची पद्धत रुजवली, आणि आज डन्जन म्हटलं की तेच गृहीत धरलं जातं.

ईव्ह हा ठळक अपवाद. तिथली बहुतांश दुनिया ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर राहते. गर्दी फार झाली की तिथे वेळच मंद होतो, अगदी नेहमीच्या दहा टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या ग्रहमालेत एका गटाचं ताबा टिकवण्याचं देयक भरलं गेलं नाही, आणि शत्रूने संधी साधली. साडेसात हजारांवर खेळाडू त्यात उतरले, लढाई जवळजवळ दिवसभर चालली आणि ७५ टायटन जहाजं नष्ट झाली. खऱ्या पैशांत हिशेब केला तर नुकसान ३ लाख डॉलरच्या पुढे जातं. हे घडलं कारण जग एकच होतं. प्रतींच्या जगात कोणी कुठल्यातरी दुसऱ्या प्रतीत लढलं असतं आणि बाकीच्यांना पत्ताही लागला नसता.

१३. प्रत्येक विस्तारानंतर माझं सगळं सामान कचरा का होतं?

कारण वर चढणारी शिडी बांधणं सर्वांत सोपं आहे. नवी लेव्हल, मोठे आकडे, आणि सगळे पुन्हा एका रेषेवर. परत येणाऱ्याला त्यात फायदा असतो, सतत खेळणाऱ्याला मात्र वर्षांची मेहनत पाण्यात गेल्यासारखी वाटते.

गिल्ड वॉर्स २ मध्ये लेव्हल २०१२ पासून ८० वरच आहे. नव्या विस्तारात उंची वाढत नाही, क्षमता वाढतात: हवेत तरंगण्याची, निरनिराळ्या वाहनप्राण्यांची. दोन वर्षांनी परतलात तरी तुमची तलवार तशीच कामाची. मला ही पद्धत अधिक माणुसकीची वाटते. तिचा तोटा असा की ‘आज काय मिळवू?’ हा प्रश्न तुम्हालाच सोडवावा लागतो.

१४. खेळात महागाई का होते?

मारलेला प्रत्येक राक्षस शून्यातून नाणी निर्माण करतो. ती नाणी जगातून बाहेर जायची वाट नसेल तर किमती चढतच राहतात. म्हणून दुरुस्तीचा खर्च, लिलावघराची कपात, अतोनात महाग घोडे. खेळाडू यांना लूटमार समजतात, पण नळ चालू असताना मोरी तुंबली की काय होतं तेच इथे होतं. बॉट (माणसाशिवाय आपोआप खेळणारे प्रोग्राम) चालवणारे नळ आणखी उघडतात. ईव्ह बनवणाऱ्या सीसीपीने २००७ मध्ये चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमला. त्या खेळात वस्तू जगातून बाहेर काढण्याचं मोठं काम युद्ध करतं, कारण फुटलेलं जहाज परत मिळत नाही आणि नवं बांधावं लागतं.

१५. डन्जन फाइंडर आला आणि मैत्री संपली, असं जुने खेळाडू म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि तो अर्धा भाग मला सर्वांत जास्त लागतो.

डिसेंबर २००९ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये एक बटण आलं, जे वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या पाच जणांना आपोआप एकत्र करायचं. त्याआधी शहरात उभं राहून हीलर शोधावा लागे. तासभर जायचा आणि कधीकधी काहीच जमायचं नाही. पण सापडलेला चांगला हीलर तुम्ही मित्रयादीत टाकायचात. वाईट वागणाऱ्याचं नाव सर्व्हरभर व्हायचं. बटणानंतर ही दोन्ही कामं संपली. समोरचा माणूस पुन्हा कधी दिसणार नाही हे ठाऊक असलं की नमस्कार करायची गरज वाटत नाही, आणि शिवी द्यायला भीती वाटत नाही.

तरीही बटण काढून टाका असं मी म्हणणार नाही. रात्री मूल झोपल्यावर ज्याला पन्नास मिनिटं मिळतात, त्याला तासभर शहरात उभं करणं अन्याय आहे. फायनल फँटसी १४ मध्ये असंच बटण आहे आणि तिथलं वातावरण बरंच सौम्य आहे. अनुभवी खेळाडूला नवख्याबरोबर जुनं डन्जन करण्याचं बक्षीस मिळतं, आणि गटात कोणी पहिल्यांदाच आलं असेल तर सगळ्यांना जादा मिळतं. नवखा ओझं न राहता लाभ होतो. तेव्हा दोष बटणाचा नाही. बटणाने जे कारण काढून घेतलं, त्याच्या जागी दुसरं ठेवलं की नाही, हे पाहावं.

१६. मला कोणता खेळ आवडेल हे कसं ओळखू? ‘बार्टल चाचणी’ करू का?

करा, पण पत्रिका समजू नका. बार्टलने १९९६ मध्ये मड खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, धुंडाळणारे, मिसळणारे आणि मारणारे, आणि त्यांना पत्त्यांचे रंग दिले. चाचणी नंतर इतरांनी बनवली. त्याचा मूळ मुद्दा वेगळाच होता: हे चार प्रकार एकमेकांवर जगतात, आणि एकाची संख्या बदलली की बाकीच्यांची बदलते. मारणारे वाढले की मिसळणारे पळतात. प्रश्न ११ मधली फेलुका आठवा.

१७. डिझायनरने न ठरवलेलं काही घडतं तेव्हा?

कधी ते खेळाच्या इतिहासातलं सर्वांत चांगलं पान ठरतं. सप्टेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टमधल्या एका बॉसचा (रेडमधल्या बलाढ्य शत्रूचा) संसर्गजन्य शाप पाळीव प्राण्यांमार्फत रेडच्या बाहेर निसटला आणि शहरांत पसरला. कमी लेव्हलचे खेळाडू पटापट मेले, काही जण मदतीला धावले, काही मुद्दाम रोग पसरवत फिरले. शेवटी सर्व्हर पुन्हा सुरू करून आवरावं लागलं. पुढे साथरोगांचा अभ्यास करणाऱ्यांनी या घटनेवर शास्त्रीय लेख लिहिले.

१८. चालू खेळात मोठा बदल करणं धोक्याचं का मानतात?

कारण लोक ज्या गोष्टीसाठी खेळात राहिले आहेत, तीच तुम्ही बदलता. स्टार वॉर्स गॅलेक्सीजमध्ये तीसहून अधिक व्यवसाय होते. नर्तक होता, शिंपी होता, प्राणी पाळणारा होता. नोव्हेंबर २००५ मध्ये ते सगळं मोडून नऊ ठळक वर्ग केले. नवे लोक फारसे आले नाहीत आणि जुने दुखावले गेले. खेळ डिसेंबर २०११ मध्ये संपला.

उलट उदाहरण फायनल फँटसी १४ चं. २०१० मधली पहिली आवृत्ती फसली. त्याच वर्षाअखेरीस नाओकी योशिदाकडे सूत्रं आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातून चंद्र कोसळून जुनं जग नष्ट झाल्याचं दाखवत सर्व्हर बंद केले, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवं जग उघडलं. त्या शेवटापर्यंत जे थांबले होते, त्यांच्या आठवणीला कथेत जागा दिली. मोडतोड गॅलेक्सीजपेक्षा कितीतरी मोठी होती, पण ती खेळाडूंना सांगून आणि त्यांना सोबत घेऊन केलेली होती.

तिसरी वाट रूनस्केपची. खेळाडूंच्या मतदानानंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये २००७ ची जतन केलेली प्रत पुन्हा सुरू झाली. तिथे मोठे बदल आजही मताला टाकले जातात. मंजुरीसाठी आधी ७५ टक्के लागत, २०२२ पासून ७० टक्के. वॉरक्राफ्टनेही ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक ही जुन्या रूपातली आवृत्ती काढली. म्हणजे आज काही खेळांची सर्वांत जवळची स्पर्धा त्यांच्या स्वतःच्या भूतकाळाशी आहे.

१९. दोन-तीन अकाउंट एकाच वेळी चालवणं नियमात बसतं का?

खेळावर अवलंबून आहे. ईव्ह आणि वॉरक्राफ्टमध्ये अनेक अकाउंट ठेवता येतात. एक कळ दाबून ती सगळ्या खिडक्यांना एकदम पोचवणारं सॉफ्टवेअर मात्र चालत नाही. ईव्हने ते २०१५ च्या सुरुवातीपासून बंद केलं, वॉरक्राफ्टने २०२० मध्ये. प्रत्येक खिडकीत स्वतः जाऊन कळ दाबलीत तर हरकत नाही. फुकट अकाउंटना वेगळे निर्बंध असू शकतात, तेव्हा नियमावली वाचा.

२०. खेळ बंद झाला तर माझ्या वस्तूंचं काय? खाजगी सर्व्हरवर खेळणं बेकायदा आहे का?

तुम्ही वस्तू विकत घेतलेली नसते, ती वापरण्याचा परवाना घेतलेला असतो. सर्व्हर गेला की तोही गेला. खाजगी सर्व्हर (खेळाडूंनी स्वतः उभे केलेले) बहुतेक वेळा हक्कधारकांच्या परवानगीशिवाय चालतात, आणि ते कधीही बंद पाडले जाऊ शकतात. एक सुंदर अपवाद आहे. सिटी ऑफ हीरोज नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला, पण खेळाडूंनी चालवलेल्या होमकमिंग या सर्व्हरला जानेवारी २०२४ मध्ये अधिकृत परवाना मिळाला.

मी एका खेळाच्या शेवटच्या रात्री हजर होते. आदल्या महिन्यापर्यंत त्याच्या दुकानात वस्तू विकल्या जात होत्या, हे मला अजून डाचतं. त्या रात्री आमच्या गिल्डचे अकरा जण आले, त्यातले चार जण सहा वर्षांनी. आम्ही बंदराच्या पायऱ्यांवर बसलो आणि सर्व्हर तुटेपर्यंत टाइप करत राहिलो. त्यांतल्या सात जणांबरोबर आजही दुसऱ्या एका खेळात मी दर गुरुवारी रेड करते.

२१. आता सुरुवात करायची तर फार उशीर झाला आहे का? एकट्याने खेळलं तर चालेल का?

उशीर झालेला नाही, आणि एकट्यानेही चालेल. फायनल फँटसी १४ मध्ये कथेतली बरीचशी डन्जन आता संगणकाच्या साथीदारांबरोबर करता येतात, आणि फुकट चाचणीला दिवसांची मर्यादा नाही. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये २०१६ पासून जग तुमच्या लेव्हलशी जुळवून घेतं, त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यातून सुरू करा.

फक्त एक करून पाहा. पहिल्या आठवड्यात तुमच्या वेळेला जागी असणारी एखादी छोटी गिल्ड शोधा, आणि तिच्या गप्पांत रोज एक तरी ओळ टाका. खेळ नाही आवडला तर सोडून द्या. सोडण्याआधी मात्र त्यांना विचारा की ते पुढे कुठे जाणार आहेत.